मंद बैल पुढे

आमच्या तांड्यात सगळ्यांत मंद बैलजोडी सगळ्यांत पुढे असायची. ही रीत मी दुसरीकडे कुठे पाहिली नाही. बाकीचे तांडे तगडी जोडी पुढे लावत आणि रखडणाऱ्याला धुळीत सोडत. आमच्याकडे लंगडा बैल चालेल तसा सगळा तांडा चालायचा. ही रीत दादाजींची. भातकुलीहून अकोल्याला कापूस नेणाऱ्या आमच्या गाड्यांचे ते म्होरके.

दूर कुठे साहेबांच्या मुलखापलीकडे लढाई पेटली होती आणि तिकडचा कापूस अडल्यापायी आमच्या काळ्या रानातल्या बोंडांना सोन्याचे मोल आले होते. आगगाडी अकोल्यापर्यंत आली होती. बडनेऱ्याला अजून मातीचे भरावच पडत होते. त्या वर्षांत मी दादाजींच्या हाताखाली होतो. वैरण, जादा दोर, जुवाच्या शिवळा, वंगणाचे नळे, कोणाची गाडी कोणामागे, हे सगळे माझ्याकडे. दादाजींकडे फक्त रस्ता.

ते गाडीत बसत नसत. साठी उलटली तरी पहिल्या गाडीच्या चाकाशेजारून काठी टेकत चालायचे. एकदा एका व्यापाऱ्याचा गुमास्ता घोड्यावरून आला आणि ओरडायला लागला, "भाव उतरेल, हाका लवकर!" दादाजींनी त्याच्याकडे वर पाहिले. म्हणाले, "घाई तुमाले हाय न? मंग उतरा खाली, या लंगड्याच्या जागी तुमीच जुंपून घ्या." गाडीवाले कितीतरी वेळ हसत होते. गुमास्ता पुन्हा आला नाही.

तरुणपणी ते असे नव्हते, हे त्यांनीच मला सांगितले होते. तेव्हा त्यांची जोडी साऱ्या तालुक्यात वेगवान. एका खेपेला पैज लावून ते पुढे निघून गेले आणि मागे त्यांच्या बायकोच्या भावाची गाडी आस मोडून रानात पडली. लुटारूंनी त्याला इतके मारले की तो पुन्हा धड चालला नाही. "घरी गेलो तं बायकोनं ताट वाढलं, पाणी देल्लं. फक्त बोलली नाई," दादाजी म्हणाले. त्यानंतर त्यांनी वेगवान जोडी विकली आणि ही रीत धरली. "एक गाडी पोचली तं काई पोचलं नाई. सगळ्या पोचल्या का पोचलं." हे वाक्य आमच्यातल्या प्रत्येकाला पाठ होते. दादाजींच्या तांड्यातली गाडी कधी मागे राहिली नाही, असे बडनेऱ्यापासून बोरगावापर्यंत लोक अभिमानाने सांगत.

मग वैशाखातली ती खेप आली. अमरावतीच्या करीमभाईचा एक बैल खुराने अधू झाला होता, म्हणून त्याची गाडी पुढे. गाडी, जोडी आणि वरचा कापूस, एवढाच त्याचा संसार. काटेपूर्णा नदीच्या काठावर आलो तेव्हा वरच्या अंगाला आभाळ काळे झाले होते. पात्रात पोटरीएवढेच पाणी, पण खाली वाळू. अधू जोडी वाळूत रुतली असती तर मागच्या सगळ्या गाड्या अडकल्या असत्या.

"करीम, गाडी बाजूले घे," दादाजी म्हणाले. "आधी बाकीच्या काढतो. मंग दोन बैल जादा लावून तुले आणतो."

"जसं तुमी म्हणाल तसं, दादाजी."

आम्ही पार झालो. मी जादा दोर सोडवला, बैल कोणाचे घ्यायचे तेही ठरवले. दादाजी मात्र नदीकडे पाहत उभे राहिले. पाणी अजून वाढले नव्हते. पलीकडे करीम जू धरून उभा होता. बऱ्याच वेळाने ते वळले आणि म्हणाले, "चला."

मला वाटले, माझ्या ऐकण्यात चूक झाली. "दादाजी, करीम?"

"चला म्हनलं न."

आम्ही काठ सोडल्यावर थोड्याच वेळात लोंढा आला. आणखी दोन बैल आणि चार माणसे पात्रात असती तर गेली असती, हे खरे. पण त्यांना ते कळले होते, की ते नुसते घाबरले होते? अकोल्यात कापूस उतरवल्यावर मी विचारले. ते गुडघे दाबत बसले होते. "मले नाई जमलं," एवढेच म्हणाले. काय जमले नाही, ते मी विचारले नाही.

करीमने रात्र बाभळीवर काढली. अधू बैल वाहून गेला, कापूस भिजून कुजला. आठवड्याने दादाजींनी आपला पांढरा बैल त्याच्या दारात नेऊन बांधायला लावला. स्वतः गेले नाहीत. याला पश्चात्ताप म्हणावे की भरपाई, मला ठरवता येईना. पश्चात्ताप असेल तर ते चुकले होते. भरपाई असेल तर करीमला मागे सोडून त्यांनी असे काय विकत घेतले होते, ज्याची किंमत आता मोजायची?

दिवाळीनंतर बडनेऱ्याला गाडीवाले जमले. यंदा म्होरक्या कोण, हा प्रश्न. तरुण पोरे तडकली होती. "स्वतःची रीत स्वतःच मोडली बुढ्यानं. आता कायले पायजे?" दादाजी लिंबाखाली खाली मान घालून बसले होते. शेवटी सगळ्यांनी करीमकडे पाहिले.

"त्यायलेच राहू द्या," करीम म्हणाला.

"कावून? तुलेच सोडून गेले न ते!"

"गेले. पन मी दुसऱ्या कोनामांगं जानार नाई."

प्रश्न मिटला. माझ्या मनातलाही मिटला असे समजून मी गाड्या लावल्या. करीमची जोडी आता चांगली, म्हणून त्याची गाडी मधे.

मूर्तिजापूरच्या अलीकडे, दुपारच्या उन्हात, सगळे गाडीवान नेहमीसारखे पेंगत होते. पुढच्या गाडीमागे बैल आपोआप चालतात. तांड्यावर भरवसा असला की माणूस कासरा सैल सोडून बोऱ्यांवर निजतो. दादाजी रांगेच्या कडेने मागे आले. एकटा करीम ताठ बसला होता, कासरा मुठीत आवळलेला, डोळे रस्त्यावर.

"झोप न बे करीम," दादाजी म्हणाले. "मी हाओ न."

"झोप नाई येत, दादाजी," करीम अदबीने म्हणाला.

दादाजी पुढे गेले नाहीत. मूर्तिजापूर येईपर्यंत ते त्याच्याच चाकाशेजारून चालत राहिले, आणि करीम जागाच राहिला.