भुईआमरीचे चाचा

शेंग उघडायची वेळ आली की चाचा आधी पंखा बंद करत, मग स्वतःच्या तोंडावर रुमाल बांधत आणि मला बजावत, "सबर करा मॅडम. शिंकलात तर सगळं गेलं."

या "सबर करा"चा मला भयंकर संताप यायचा. भुईआमरी, म्हणजे आपल्याकडे पावसाळ्यात गवतातून वर येणारं जमिनीवरचं ऑर्किड, बियांपासून वाढवायचा मी चंग बांधला होता. तुम्ही या बिया पाहिल्या नसतील. एका शेंगेत हजारो, पण चिमटीत धरल्या तर तपकिरीसारख्या. एवढ्याशा बीजवळ स्वतःची शिदोरी नसते. मातीतली एक बुरशी तिला भरवते, तेव्हाच ती उगवते.

आणि सबर करायला सवड होती कुठं? सोयगावजवळच्या ज्या उतारावर ही आमरी फुलायची, तो खडी काढायला दिला होता. तिथली रोपं हलवून पाहिली, एकही जगलं नाही. राहिल्या बिया.

चाचा आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत परिचर होते. निवृत्त झाल्यावरही उस्मानपुऱ्यातून सायकलवर रोज यायचे. "घरी बसून काय करू? सुनेला तरास," म्हणायचे.

दोन वर्षं मी निर्जंतुक बाटल्यांत बिया पेरल्या. काही म्हणजे काही नाही. शेवटी चाचा म्हणाले, "मॅडम, बच्चा आईपासून तोडून कसा वाढंल? आईच्या पायाखालची माती आणू."

मी आणखीच चिडले. इतकी शिकलेली मी, मला हे आधी सुचू नये? त्या मातीतच तर ती बुरशी होती! उतारावरून माती आणली, बिया तिच्यात कालवल्या. पाचव्या वर्षी तीन कुंड्यांत तीन पानं आली, नखाएवढी. चाचांनी सगळ्या स्टाफला पेढे वाटले.

दिवाळीनंतर पानं सुकली. सुकायचीच असतात. खाली वाटाण्याएवढा कंद राहतो आणि जूनपर्यंत कोरड्या मातीत झोपतो. हे मी चाचांना सांगितलं होतं. निदान मला तसं वाटत होतं.

मे महिन्यात मी महिनाभर पुण्याला जाऊन आले, तर तिन्ही कुंड्या ओल्या. बोटानं माती उकरली. कंदांचा लगदा झाला होता.

"कुणी पाणी घातलं?"

"मीच की. रोज थोडं थोडं, घरून कॅनमधून आणलं. कॉलेजच्या नळाला कुठंय पाणी?"

आपल्या शहरात नळाला पाणी किती दिवसांनी येतं, तुम्हाला माहीतच आहे. चाचांच्या घरी अंघोळही तांब्या मोजून व्हायची. त्यातलं पाणी हा म्हातारा माणूस सायकलला कॅन अडकवून आणत होता. हे आज कळतं हो. तेव्हा मला फक्त कुंड्या दिसल्या. मी ओरडले, "झोपलेली होती ती! पाणी द्यायचंच नसतं! पाच वर्षं वाया घालवलीत तुम्ही!"

शेजारच्या ऑफिसातले कारकून दारात येऊन उभे राहिले.

"एवढं ऊन पडलंय मॅडम," चाचा हळूच म्हणाले, "मला वाटलं, तहान लागली आसंल."

दुसऱ्या दिवसापासून ते आले नाहीत. जूनच्या आत उतारही गेला. आता तिथं खड्डा आहे.

मी त्यांना बोलवायला गेले नाही. माझा ताठा, दुसरं काय! पुढच्या मार्चमध्ये ते अंथरुणाला खिळल्याचं कळलं, तेव्हा कुठं गेले. चाचा पार वाळले होते. माफी मागायची होती, आणि तोंडातून भलतंच निघालं. "चाचा, त्यातला एक कंद वाचला होता बरं का. पान आलंय. हिरवंगार!"

ते हसले.

"मार्चात? आता तर ती झोपलेली आसती ना, मॅडम."

माझं ओरडणं त्यांनी पाठ केलं होतं. सुनेनं आणलेला चहा मी कसाबसा प्याले आणि उठले. पुढच्या जुम्म्याच्या आत चाचा गेले. माफी मागायची राहिली, ती राहिलीच.