बॅगेतला न धुतलेला गाऊन

ती सकाळ काही केल्या विसरता येत नाही. नोकरीत भामटे पाहिले, खोट्या पासपोर्टवाले पाहिले, पोटात माल लपवून नेणारेही पाहिले. त्यांचे चेहरे आता पुसट झालेत. पण एका सहा महिन्यांच्या मुलीचं रडणं आणि तिचं एकदम गप्प होणं अजून कानात आहे.

दोन हजार सालानंतरची ती वर्षं. लंडनच्या पश्चिमेकडच्या एका मोठ्या विमानतळावरच्या पोलीस ठाण्यात मी सार्जंट होतो. ठाण्यात मराठी बोलणारा मी एकटाच, त्यामुळे पुण्यामुंबईचं माणूस कुठं अडलं की रेडिओवर माझा पुकारा व्हायचा. कुणाच्या बॅगेत मसाला फुटलेला असायचा, कुणाचे आजोबा व्हीलचेअरवर बसायला तयार नसायचे. पिनरला घरी पोचलो की बायको विचारायची, "आज कुणाची लोणच्याची बरणी सोडवलीत?"

त्या दिवशी खबर आली ती चेक-इन काउंटरवरून. तिथली बाई जुनी, स्वतः तीन मुलांची आई. मुंबईच्या विमानासाठी एक भारतीय बाई तान्हं बाळ घेऊन रांगेत आली होती. बाळाचं आडनाव वेगळं, तिचं वेगळं. बाई म्हणाली, मी माहेरचं नाव लावते. तिथवर ठीक होतं. पण सामानाला पट्टा लावता लावता काउंटरवालीनं सहज विचारलं, "रात्री झोपते का नीट?" आणि ही म्हणाली, "माहीत नाही."

काउंटरवाली मला फोनवर म्हणाली, "सार्जंट, या प्रश्नाला कुठलीच आई माहीत नाही म्हणत नाही. एक तर हसते, नाही तर रडकुंडीला येते." मी टोपी घातली आणि माझ्याबरोबरच्या तरुण महिला कॉन्स्टेबलला घेऊन निघालो. खबर कुणाकडून आली, हे खबरीइतकंच महत्त्वाचं असतं. ही काउंटरवाली उगाच फोन करणारी नव्हती.

बाळ घेऊन आलेली बाई चाळिशीची, चांगली भरल्या अंगाची. ईलिंगला राहणारी. पुण्याला भाच्याच्या लग्नाला निघाली होती. आम्ही तिला चौकशीच्या लहान खोलीत नेलं आणि चहा मागवला. बाळ तिच्या खांद्यावर किंचाळत होतं. माझं पहिलं मराठी वाक्य ऐकून तिचा चेहरा उजळला.

"अगंबाई, तुम्ही मराठी! देवच पावला हो."

"देव पावायला अजून अवकाश आहे, ताई," मी म्हणालो. "बाळ कुणाचं?"

"माझंच."

"नक्की?"

"अहो, नक्की म्हणजे काय? असं काय विचारता?"

मी चहाचा कप तिच्याकडं सरकवला. चौकशीत आवाज चढवणारे अधिकारी मला कधीच आवडले नाहीत. माणसाला जरा वेळ दिला की खोटं त्यालाच टोचायला लागतं. बाळ मात्र कुणाला वेळ द्यायला तयार नव्हतं. बाईनं बाटली पुढं केली, त्यानं ती ढकलली. पुन्हा तोंडाशी लावली, तर मान फिरवली आणि निळं पडेपर्यंत रडलं. बाटलीची सवय असलेलं पोर असं करत नाही. हे अंगावर पिणारं बाळ होतं आणि ही बाई त्याला पाजत नव्हती.

तोवर कॉन्स्टेबलनं बाळाची बॅग रीतसर तपासायला घेतली होती. लंगोट, टोपडी, दुपटी, गुटीची बाटली, सगळं घडी घालून नीट ठेवलेलं. तळाशी एक पाकीट निघालं. प्लास्टिकची जाड पिशवी, तिच्यावर दुसरी पिशवी, वरून चिकटपट्टीचे वेढेच्या वेढे. आत चुरगळलेला, विटका सुती गाऊन. न धुतलेला.

कॉन्स्टेबलनं माझ्याकडं पाहिलं. तिच्या मनात काय आलं ते मला कळलं. अमली पदार्थ पाण्यात विरघळवून कपड्यांत जिरवतात आणि पुढं नेऊन काढतात, हे आम्हाला प्रशिक्षणात शिकवलं होतं. एवढ्या स्वच्छ बॅगेत एकच मळका कपडा, आणि त्याचीच इतकी राखण! संशय यायलाच हवा होता. मी हातमोजे घातले आणि पट्टी कापली.

आतून वास आला तो दुधाचा. आंबूस, कोमट, त्यात थोडा बाळाच्या तेलाचा. लहानपणी माझी आई आठवडाभर माहेरी गेली होती, तेव्हा धाकट्या भावाच्या पाळण्यात आत्यानं आईचं नेसतं लुगडं अंथरलं होतं. ते धुवायचं नाही, अशी घरात सगळ्यांना ताकीद होती.

"हा गाऊन कुणाचा?"

"माझा," बाई म्हणाली.

"ताई, रागावू नका. पण यात तुमचा एक दंड तरी जाईल का?"

मी गाऊन उलटापालटा करून बघितला. शिवणीत लपवलेलं काही नव्हतं. मग तो मी तिच्या खांद्यावर टाकला. बाळानं त्यात नाक खुपसलं, दोन हुंदके दिले, मूठभर कापड धरलं आणि ते शांत झालं. खोलीत इतकी शांतता झाली की कॉन्स्टेबलच्या रेडिओची खरखर मोठी वाटली.

"हिची आई कुठं आहे?" मी विचारलं.

बाईचा बांधच फुटला. "क्रॉयडनला हो, ऑफिसात! मी काही पळवून नाही नेत. हिची आई आमच्या गणपतीच्या ग्रुपमधली आहे. दोघं नवराबायको नोकरीवाले, म्हणून हिला पुण्याला आजी-आजोबांकडं ठेवणार आहेत. मी जातेच आहे, तर सोबत म्हणून दिली माझ्याबरोबर."

"मग खोटं का बोललात?"

"तुमचा युनिफॉर्म बघून घाबरले. दुसऱ्याचं बाळ म्हटलं तर उतरवाल, भाच्याचं लग्न चुकेल. अहो, दर वेळी मी लोकांची लोणची नेते, चकल्या नेते, औषधं नेते. म्हटलं, बाळही नेईन."

कपाळाला हात लावावा असंच होतं, पण मला हसूही आलं. 'कोणी जातंय का हो?' ही आपल्या लोकांची परदेशातली जुनी चौकशी. जाणारा भेटला की त्याच्या हाती काहीही सोपवायचं. माणूस ओळखीचं आहे ना, मग लेखी संमती कशाला? माझ्या सगळ्या नोकरीत असलं बेफिकीर प्रेम दुसऱ्या कुणात दिसलं नाही.

विमान गेलं. आईवडिलांना बोलावून घेतलं. वडील आधी आले. पुण्याचे, सॉफ्टवेअरमधले, सभ्य माणूस. घामाघूम झाले होते. "सर, टोटल गैरसमज झालाय. आमच्या ओळखीच्या आहेत त्या. लेटर द्यायचं डोक्यातच आलं नाही. संध्याकाळच्या फ्लाइटनं पाठवता येईल का? आईबाबा पाळणा बांधून बसलेत हो."

पाठवता आलं असतं. फक्त आईवडील दोघांची संमती मला हवी होती, आणि ती दोघांना वेगवेगळं बसवून विचारायची आमची पद्धत. वडिलांनी तत्काळ हो म्हटलं. माझ्या मनानं प्रकरण तिथंच संपलं होतं.

मग आई आली. सडपातळ, जेमतेम तिशीची, ऑफिसच्या कपड्यांत. खोलीत उकडत होतं तरी कोटाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली. बाळ शेजारच्या खोलीत झोपलं होतं. आधी तिला बघून घ्या म्हटलं, तर मान हलवून नको म्हणाली.

"आज विमानतळावर सोडायला का आला नाहीत?"

"मीटिंग होती." जरा थांबून म्हणाली, "म्हणजे मीच ठेवली, सर. आले असते तर सोडता आलं नसतं."

मी ठरलेला प्रश्न ठरलेल्या आवाजात विचारला. "बाळाला इथून न्यायला तुमची स्वतःची संमती आहे का? कुणाच्या दबावाशिवाय?"

ती माझ्याकडं बघतच राहिली. कॉन्स्टेबल चुळबुळली. मी हातानं तिला थांबवलं.

"हे मला कुणी विचारलंच नव्हतं," ती म्हणाली. मग ओठ घट्ट दाबले, आणि म्हणाली, "नाही. माझी संमती नाही."

एवढं बोलून ती टेबलावर डोकं ठेवून रडली. मलाही गलबलून आलं, लपवण्यात अर्थ नाही. युनिफॉर्ममध्ये गलबलून आलं की माणूस उगाच पेन शोधतो. मीही शोधलं.

वडिलांना आत बोलावलं. ते चक्रावले. "अगं, आपलं ठरलं होतं ना? मग बोलली का नाहीस?"

"तू तिकिटाचं विचारलंस. सामानाचं विचारलंस. आईंनी दुपट्यांचं विचारलं. मला काय हवंय ते विचारलंस कधी?"

मला वाटलं आता भांडण होणार. पण ते खुर्चीत बसले. मग मोबाइल घेऊन व्हरांड्यात गेले. काचेतून आवाज येत होता. "आई, पाळणा सोडून ठेव. तुम्हीच या इकडं, थोडे दिवस." पलीकडं पुण्यात एका आजीचा जीव तुटला असणार. या प्रकरणात दुष्ट कुणीच नव्हतं.

खोटं बोलल्याबद्दल आमच्या इन्स्पेक्टरनं ईलिंगच्या बाईंना समज दिली, आणि विमान कंपनीनं त्यांना दुसऱ्या विमानात जागा दिली. जाताना त्यांनी त्या आईचा गालगुच्चा घेतला. "मेले, आधी बोलायचं नाही का! माझा जीव गेला असता की!"

गुन्ह्याची नोंद झाली नाही. तरी पुढं नव्या कॉन्स्टेबलांना शिकवताना मी हेच प्रकरण सांगायचो. ठरलेला प्रश्न पाट्या टाकल्यासारखा विचारू नका. तुम्ही तो हजारदा विचारलेला असतो. समोरच्या माणसाला कदाचित तो जन्मात पहिल्यांदाच कुणीतरी विचारत असतं. विचारल्यावर गप्प बसा. उत्तर यायला वेळ लागतो.

निघताना मी तो गाऊन त्या आईच्या हाती दिला. बाळ तिच्या कोटाच्या आत होतं, फक्त टोपडं दिसत होतं. तिनं गाऊनचा वास घेतला, नाक मुरडलं आणि पहिल्यांदाच हसली.

"ई! घरी गेले की आधी हा धुवायला टाकते," ती म्हणाली.