हुकमाचा डबा

बापू कुठलंही यंत्र उघडलं की आधी त्याला नाक लावायचे. रेडिओ असो, मिक्सर असो, नाहीतर विहिरीवरच्या मोटरीचा स्टार्टर. झाकण काढायचं, डोळे मिटायचे आणि चुलीवरच्या आमटीचा घ्यावा तसा लांब वास घ्यायचा. मग निकाल. "जळल्याला एक वास असतोय मास्तर, भिजल्याला दुसरा. माणूस झाकून ठिवतंय. यंत्राला न्हाई जमत." मी हसायचो. तेव्हा हसायला माझं काय जात होतं!

फौजेत सिग्नलमध्ये नोकरी करून बापू औंधजवळच्या आमच्या गावी परतले आणि घराच्या सोप्यात दुरुस्तीचं टेबल मांडून बसले. गावाच्या लेखी ते अर्धवटच. चांगला पेन्शनवाला माणूस, पण विट्याच्या भंगारवाल्याकडून पोत्यानं जुने कॉम्प्युटर आणायचा. एकदा त्या पोत्यातून एक काळा लोखंडी डबा निघाला, पाठीला पाच छिद्रांची गोल सॉकेटं असलेला. पूर्वी कॉम्प्युटरला वाजवायचा कीबोर्ड जोडायला असले डबे वापरत. मिडी इंटरफेस म्हणतात त्याला. हा जुन्या घडणीचा, आत स्वतःची चिप असलेला, म्हणून कॉम्प्युटरशिवाय एकटाही चालायचा.

"ह्यातून गाणं जातं होय?" मी विचारलं.

"आवं गाणं न्हाई, हुकूम जातोय. अमकी पट्टी दाबली, एवढ्या जोरानं दाबली, आता सोडली. बास. आवाज काढायचं काम फुडच्याचं. आमी फौजेत दुसरं काय केलं?"

हा डबा त्यांना थोरल्या भावासाठी हवा होता. दादांनी उभा जन्म गावच्या भजनी मंडळात पेटी वाजवली. मग अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, वाचा गेली. डावा हात शाबूत होता, पण पेटीला एक हात पट्ट्यांवर लागतो आणि दुसरा भात्यावर. बापूंनी शेजारी बसून भाता मारून पाहिला. दादांनी त्यांचा हात झटकला. प्लॅस्टिकचा कीबोर्ड आणून पुढ्यात ठेवला, तर दादांनी तोंड फिरवलं. ते आपल्या मुक्या पेटीवर डावा हात ठेवून तासन्‌तास बसत. मला ते बघवायचं नाही.

"डोक्यातनं हुकूम निघतोय वो," बापू म्हणायचे, "हातापतूर पोचत न्हाई. मधली वायर तुटलीया."

ती वायर जोडायचा ध्यास त्यांनी घेतला. दादांच्याच पेटीच्या प्रत्येक पट्टीखाली एकेक बारीक बटण बसवलं. सगळ्या तारा त्या काळ्या डब्यात नेल्या आणि डब्यातून तोच झिडकारलेला कीबोर्ड जोडला, कापडाखाली दडवून. म्हणजे पट्टी पेटीची, भात्याची गरज नाही, आणि एका हातानं भजन. दिवाळी गेली, यमाईची जत्रा गेली, उन्हाळा गेला. श्रावणात एका दुपारी त्यांनी मला पट्टी दाबायला लावली आणि सूर आला. बापूंनी चष्मा काढून डोळे पुसले. "दादाला खंडेनवमीला बसवायचं," ते म्हणाले.

खंडेनवमीला बापूंची हत्यारं टेबलावर मांडली होती. पक्कड, तारांना डाग द्यायची सोल्डरची कांडी, मीटर आणि मधोमध तो डबा, झेंडूच्या फुलांत. "कोरडं कुकू लावा मास्तर. पाण्याचा हात नगं," असं बजावून बापू दादांना आणायला गेले. मी नारळ फोडला. आणि हात सवयीनं चालला! कोयता असो, नांगर असो, सायकल असो, पुजलं की त्याच्यावर नारळाचं पाणी शिंपडायचं, हे लहानपणापासून अंगात मुरलेलं. डब्याच्या झाकणावरच्या फटींतून पाणी आत गेलेलं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. उपरण्यानं वरवर पुसलं आणि गाढवासारखा गप्प राहिलो.

दादा आले. धुतलेला सदरा, पांढरी टोपी. बापूंनी आणि मी धरून त्यांना पेटीसमोर बसवलं. बापूंनी बटण चालू केलं. दादांनी पट्टी दाबली. काही नाही. दुसरी दाबली, तिसरी दाबली. मग त्यांनी हात उचलून मांडीवर ठेवला.

बापूंनी डबा उघडला, नाक लावलं. जरा जास्तच वेळ लावलं. "चिप जुनी हुती, गेली," ते म्हणाले. "माजंच चुकलं दादा."

सुटलो, असं मला वाटलं. आता लिहितानाही लाज वाटते.

नवे डबे बाजारात मिळतात, पण ते कॉम्प्युटरशिवाय तोंड उघडत नाहीत. बापूंना तसलाच, एकटा चालणारा जुना डबा हवा होता. त्यासाठी त्यांनी आष्टा, विटा, सांगली, सगळीकडची भंगारं पालथी घातली. इकडे दादा पुन्हा पेटीजवळ गेलेच नाहीत. माघात ते वारले.

चैत्रात सांगलीला तसला डबा मिळाला. बापूंनी जोडला आणि मला हाक मारली. त्यांनी पट्टीवर बोट ठेवताच सूर लागला.

"वाजतंय बगा मास्तर. हुकूम द्यायला कोन न्हाई."

मला राहवलं नाही. रडत रडत सगळं सांगून टाकलं. बापूंनी पट्टीवरचं बोट काढलं नाही.

"ठावं हाय. डबा उगडला तवाच नारळाचा वास आला."

"मग बोलला का नाहीत?"

"दादा समूर बसला हुता. देवाच्या नारळानंच घात केला, आसं त्येला कळाया नगं हुतं. माज्या चुका सोसायची त्येला सवय हुती."

मग त्यांनी बोट उचललं.

त्या दिवसापासून बापू टेबलाकडे फिरकले नाहीत. परवा मी माझा बिघडलेला रेडिओ घेऊन गेलो. म्हटलं, तेवढंच टेबलापाशी बसतील. बापूंनी झाकण काढलं, आत नुसतं पाहिलं, आणि नाक न लावताच झाकण परत बसवलं.

"न्ह्या मास्तर," ते म्हणाले. "आता मला कशाचाच वास येत न्हाई."