पट्टीबाईंचं हृदय माझ्या नावावर

आमच्या थोरल्या जाऊबाई दवाखान्यात ईसीजी काढतात. छातीवर रबरी फुगे लावायचे, बटण दाबायचं आणि नागमोडी रेघांची कागदी पट्टी बाहेर काढायची, हे काम त्या सव्वीस वर्षं करताहेत. तिथे सगळे त्यांना पट्टीबाई म्हणतात. मी तोंडावर कधी म्हटलं नाही. माझी तेवढी छाती नाही.

त्यांना दोन खोडी. एक, नवं यंत्र आलं की पहिली पट्टी स्वतःची काढून बघायची. दुसरी, घराचे तीन मजले चढताना प्रत्येक मजल्यावर कुणाचं तरी दार वाजवून गप्पा ठोकायच्या. ही दुसरी दोनेक वर्षांपूर्वीच जडलेली. मी वर भाजी पुन्हा पुन्हा गरम करून वैतागायचे आणि त्यांच्या जिभेला नावं ठेवायचे.

गेल्या वर्षी दवाखान्यातल्या त्यांच्या खोलीत नवा कॉम्प्युटर आला. त्यात म्हणे कृत्रिम बुद्धिमत्ता. हृदय रक्त नीट पुढे ढकलतंय की थकलंय, हे तो नुसत्या पट्टीवरून ओळखणार. डॉक्टरांच्या डोळ्यांना जे दिसत नाही तेही त्याला दिसणार. कानामागून आली आणि तिखट झाली, असं जाऊबाई घरभर म्हणत फिरल्या. महिन्याच्या आत याची चूक दाखवते, असं त्यांनी डॉक्टरांनाही बजावलं.

मग रिवाजाप्रमाणे पहिली पट्टी स्वतःची. पण हा कॉम्प्युटर नाव, वय, फोन नंबर घेतल्याशिवाय हलेना. आपलं नाव घातलं तर सगळे हसतील, म्हणून बाईंनी माझं नाव आणि माझाच नंबर घातला. एकाच घरातल्या आम्ही, वयात दोन वर्षांचा तर फरक.

तिसऱ्या दिवशी मला दवाखान्यातून फोन आला. तुमच्या पट्टीत हृदय कमजोर दिसतंय, उद्या तपासणीला या. मागे खांदा दुखला तेव्हा जाऊबाईंनी माझी पट्टी काढली होती. मला वाटलं, तीच. मी अंथरूण धरलं. बांगड्या कुणाला, शिलाई मशीन कुणाला, सगळं नवऱ्याला सांगून ठेवलं. थोरलीला काही द्यायचं नाही हेही सांगितलं, कारण ती मला चहा आणून देताना गालात हसत होती.

दुसऱ्या दिवशी सोनोग्राफीच्या पडद्यावर माझं हृदय चांगलं उड्या मारताना दिसलं. डॉक्टर चक्रावले. पुन्हा पट्टी काढा म्हणाले. जाऊबाईंनी काढली आणि कॉम्प्युटरने ती ठणठणीत ठरवली. डॉक्टरांनी दोन्ही पट्ट्या शेजारी ठेवल्या.

"जिंकलात तुम्ही," ते म्हणाले. "पहिल्या पट्टीला यंत्र चुकलं."

जाऊबाईंनी आता गावभर मिरवायला हवं होतं. गप्प राहिल्या असत्या तर त्यांचाच शब्द खरा ठरत होता. पण मला बरोबर ठणठणीत म्हणणारं यंत्र पहिल्या पट्टीलाही चुकलं नसणार, हे त्यांना माझ्याआधी कळलं होतं. त्यांनी पहिल्या पट्टीवर बोट ठेवलं.

"ती पहिली माझी आहे," त्या म्हणाल्या.

डॉक्टरांनी त्यांना तिथेच झोपवलं. पडद्यावर त्यांचं हृदय खरंच दमलेलं दिसत होतं. हात दाखवून अवलक्षण, असं मी म्हणणार होते. पण त्यांचे सुजलेले पाय पाहिले आणि म्हणवेना. जिना चढताना दम लागतो का, असं डॉक्टरांनी विचारलं. छे, मी तर बोलायला थांबते, असं त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे बघून हळूच म्हणाल्या, "आधी थांबते गं. मग दार वाजवते."

मला रडूच फुटलं. वर्षभर मी त्यांच्या जिभेवर राग काढत होते.

आता गोळ्या सुरू होऊन आठ महिने झाले. पहिल्या मजल्यावरची शेजारीण परवा विचारत होती, जाऊबाई रागावल्यात का, हल्ली दार वाजवत नाहीत. मी म्हटलं, हो, फार रागावल्यात. संध्याकाळी मी वर दाराशी उभी राहून त्यांची पावलं ऐकते. दुसरा मजला न थांबता ओलांडला की भाजी गरम करायला ठेवते.