झोपलेल्या राजाच्या मिशा

उजेड आधी उंबऱ्यावर पडतो, मग नंदीच्या पाठीवर, आणि नऊच्या सुमारास वर चढून गाभाऱ्याच्या दारावरच्या कोरीव सागवानी पट्टीवर जाऊन थांबतो. शेलूबाजारच्या अलीकडे, रस्त्यापासून जरा आत असलेल्या महादेवाच्या देवळातला हा रोजचा पहिला प्रवेश. शनिवारी रंगमंचावर एकच पात्र: स्टुलावर उभी, हातात तेलाची चिंधी घेतलेली, सत्तरीची तुळसाबाई.

पट्टीवर शके सोळाशे चौऱ्याऐंशी कोरलंय, म्हणजे अडीचशेवर वर्षं झाली. शेजारी चित्रांतून गोष्ट. राजा निपुत्रिक मेला. प्रधानांनी हत्तिणीच्या सोंडेत हार दिला. ती ज्याच्या गळ्यात घालील तो राजा. डावीकडे सरदारांची रांग, मिशांना पीळ, माना हातभर पुढे काढलेल्या. त्यांच्याकडे ढुंकूनही न बघता हत्तीण पुढे गेलेली, आणि वडाखाली हात उशाला घेऊन झोपलेल्या एका वाटसरूवर तिनं हार धरलेला.

लग्न होऊन आली तेव्हा सासूनं तिला हे काम दिलं. दर शनिवारी शेंगदाण्याचं तेल, बोटानं, कोपऱ्याकोपऱ्यात. वाटसरूला ती आधी लावी, सरदारांना उरलंसुरलं. तिचा नवरा दुपारी बांधावरच्या निंबाखाली असाच हात उशाला घेऊन पडायचा. तो गेल्यापासून त्या लाकडी गालावरून तिचं बोट जरा हळू फिरे, एवढंच.

आणि मग प्रवेश झाला जगदेवरावांचा. देवळाच्या पंचमंडळाचे ते अध्यक्ष. जिल्हा परिषदेचं तिकीट मागायचं ठरलं त्याच आठवड्यात त्यांना शोध लागला, की हा वाटसरू म्हणजे आपल्या घराण्याचा मूळ पुरुष. पुरावा नाकाचा. लाकडाचं नाक केव्हाच झिजून गेलं होतं, त्यामुळे वाद घालायला कोणाला जागाच उरली नाही.

अडचण एकच होती.

“माय, आमचा मूळ पुरुष बॅनरवर घोरत पडलेला दिसन. लोक काय म्हणतीन?”

“थकला असन, भाऊ.”

“त्याचे डोये उघडून घेतो. अन् वर पिळाच्या मिशा रंगवतो. या शनवारी तू तेल लावू नोको.”

तुळसाबाईच्या हातातली चिंधी तशीच राहिली. पन्नास वर्षं तिनं ज्याची झोप मोडू दिली नव्हती, त्याला आता बॅनरसाठी उठवणार होते. पण नाही म्हणावं कसं? अध्यक्षांनी मनात आणलं, तर हे स्टूलही उद्या दुसऱ्या कोणाच्या पायाखाली गेलं असतं.

मंगरूळपीरहून गुलाबसिंग पेंटर आला. ट्रकवर मोर काढणारा माणूस. त्यानं लाकडाला अंगठा लावला आणि हुंगला.

“साहेब, यात तेल मुरलं हाये. रंग नाही धरणार.”

“दोन हात जास्त मार!”

त्यानं तीन मारले. डोळे असे वटारलेले काढले, की हत्तीण सोंड मागे घेते की काय असं वाटावं. मिशा तर सरदारांच्या मिशांना लाजवतील अशा.

रविवारी बँड आला, कारंज्याहून फोटोग्राफर आला. जगदेवराव फेटा बांधून पट्टीखाली उभे राहिले, मान हातभर पुढे. दोरी ओढली, चादर खाली पडली. मिशा घसरून कोपरावर आल्या होत्या आणि डोळ्यांतून गालावर काळ्या धारा लागल्या होत्या.

“मूळ पुरुष रडून राह्यला ना बे!” मागून पानठेलेवाला ग्यानबा ओरडला. बँडवाल्याच्या तोंडातून पिपाणी सुटली. सारं देऊळ हसलं.

“माय! तू तेल लावलं काय?”

“काल नाही लावलं, भाऊ. हे आंधीचं हाये. पन्नास वर्षांचं.”

एवढं बोलून ती कोणाला न विचारता स्टुलावर चढली आणि ओला रंग पुसू लागली. लोक हसत हसत पांगले. जगदेवराव फेटा काढून स्टुलाजवळ आले. इतका वेळ माईकवर गाजणारा आवाज आता अगदी घरातला झाला होता.

“माय, फोटोपुरते तं उघडे राहू दे त्याचे डोये. एक मिनिट. तुयं काय जाते?”

दुसऱ्या पापणीवरचा काळा ठिपका तुळसाबाईनं पदरानं टिपला.

“उघडे ठेवले तं तो उठून तुमच्या रांगेत जाऊन उभा राहीन ना, भाऊ.”