डाव्या हाताची करवत

परवा अंगणातल्या पेरूची फांदी बॅटरीवरच्या छोट्या करवतीनं कापली आणि ओल्या लाकडाच्या वासानं तेलंगणातल्या बेल्लमपल्लीतलं आमचं खाणकामगारांचं क्वार्टर आठवलं. नव्वदच्या आसपासची गोष्ट असेल, मी शाळेत होते. खाणीत दगड पडून बाबांच्या उजव्या हाताची बोटं गेली होती. जखम भरली, पण बाबा खाटेवरून उठत नव्हते. डाव्या हातानं जेवायची त्यांना लाज वाटायची, म्हणून आईच घास भरवायची. त्यातच वादळात घरामागच्या पेरूची जाड फांदी मोडून कौलांवर टेकली. एका सकाळी आईनं पदर खोचला आणि स्टुलावर चढून हातकरवत चालवू लागली. करवत सारखी अडकत होती, भुसा तिच्या घामेजल्या मानेला चिकटत होता. बाबा बराच वेळ बघत राहिले आणि शेवटी खाटेवरूनच ओरडले, "एवढी काऊन दाबून राह्यली? सैल धर!" आईनं वळूनही पाहिलं नाही. "मले नाय जमत. तुमीच या न." बाबा आपल्या हाताकडे बघत बसले. मग उठले, आई उतरल्यावर स्टुलावर चढले आणि डाव्या हातानं मूठ धरली. आईनं खालून स्टूल घट्ट धरलं. करवत वाकडीतिकडी गेली, पण थांबली नाही. फांदी कडाडून खाली आली, तेव्हा दोघंही पानांनी भरून हसत होते. त्या दुपारी बाबांनी ताट स्वतःकडे ओढलं आणि डाव्या हातानं पोटभर जेवले. पुढे खाणीबाहेरच्या कामावर रुजूही झाले. तुला खरंच करवत जमत नव्हती का, असं मी आईला अजून अधूनमधून विचारते. ती म्हणते, "काम झालं न?"