शिशाच्या माशांचे डोळे

नवऱ्याने ऑफिसला जाणं थांबवलं तेव्हा आम्हाला जपानात येऊन बारा वर्षं झाली होती. थांबवलं म्हणते, पण त्याने ठरवून काही केलं नव्हतं. एप्रिलमधल्या एका सोमवारी सकाळी तो उरायासुच्या स्टेशनवर रोजच्यासारखा रांगेत उभा राहिला. गाडी आली, दारं उघडली, पुढचे लोक चढले, आणि तो चढला नाही. बाजूला सरकून त्याने मागच्यांना वाट दिली. पुढची गाडी आली, तीही सोडली. अशा किती गाड्या सोडल्या ते त्याला आठवत नाही. शेवटी स्टेशनवरच्या एका माणसाने त्याला बाकावर बसवलं आणि मला फोन लावून दिला. मी ओजिमाच्या एका पाळणाघरात नोकरी करते. मुलांच्या डब्यांवर नावांच्या चिठ्ठ्या चिकटवत होते. फोनवर तो एवढंच म्हणाला, "अगं, मला चढता येत नाहीये."

मला वाटलं, पाय मुरगळला.

डॉक्टरांनी तीन महिन्यांच्या रजेचं पत्र दिलं. त्यावरची अवघड अक्षरं मला लागेनात म्हणून मी ते मुलीपुढे धरलं. ती तेरा वर्षांची होती. तिने वाचलं, कागद परत दिला आणि हळू आवाजात जपानीत म्हणाली, "मनाचा आजार आहे. मी वाचलं हे बाबांना सांगू नकोस."

पुण्याला सासूबाईंना आम्ही सांगितलं की सध्या ऑफिस घरूनच चालू आहे.

पहिले दोन महिने तो भिंतीकडे तोंड करून पडून होता. मी कामावर जाताना जो ग्लास भरून ठेवायचे तो संध्याकाळी तसाच असायचा. जूनमध्ये एकदा घरी आले तर तो बाल्कनीत उकिडवा बसलेला दिसला. समोर गॅसची छोटी शेगडी, तोंडाला मास्क, हातात जाड मोजे, आणि लोखंडी पळीत काहीतरी चमकत होतं. पाऱ्यासारखं. शिसं होतं ते.

त्याच्या ऑफिसातल्या एका वयस्क सहकाऱ्याने त्याला मासेमारीचा नाद लावला होता. आजार सुरू होण्याच्या आधी चार-पाच वर्षं दोघं महिन्यातून एकदा खाडीच्या बंधाऱ्यावर जायचे. ते गृहस्थ निवृत्त होऊन ओसाकाला राहायला गेले आणि जाताना आपली पेटी याला देऊन गेले. तिच्यात ॲल्युमिनियमचा साचा होता, पळी होती, गळांची पाकिटं होती. साच्यात गळ बसवायचा आणि वितळलेलं शिसं ओतायचं, की गळाच्या टोकाशी वाटाण्याएवढं डोकं तयार होतं. त्याच्या मागे रबरी मासा ओवून पाण्यात टाकायचा. वजनाने ते खाली जातं, आणि खऱ्या माशाला वाटतं, लहान मासा चाललाय.

हे सगळं त्याने मला त्या संध्याकाळी सांगितलं. दोन महिन्यांत एवढी वाक्यं तो बोलला नव्हता. मी बाल्कनीच्या दारात पिशवी न ठेवता तशीच उभी राहून ऐकत होते. वाटलं, झालं, आता बाहेर पडणार हा.

रोज दहा-बारा डोकी तो ओतायचा. गळाला चिकटून उरलेलं जादा शिसं पक्कडीने मोडायचा आणि कडा कानशीने घासायचा. जुलैच्या मध्यावर लिफ्टशेजारी एक कागद लागला आणि त्याचीच प्रत प्रत्येकाच्या टपालपेटीत आली. बाल्कनीत आग वापरू नये, वासाबद्दल काही रहिवाशांनी कळवलं आहे, सर्वांनी सहकार्य करावं. कुणाचं नाव नाही, घराचा नंबर नाही, भाषा अगदी अदबीची. नवऱ्याने कागद वाचला, चार घड्या घातल्या आणि शेगडी कपाटात ठेवून दिली. मी शेजारच्या दारी मिठाई घेऊन माफी मागून आले. त्या बाई "नाही नाही, तुमचं काहीच नाही" म्हणत दोनदा वाकल्या आणि त्यांनी दार लावून घेतलं.

तोवर तीनशे डोकी झाली होती. आता रंगवायची.

रंगवणं स्वयंपाकघरातल्या टेबलावर सुरू झालं. आधी डोकी थिनरमध्ये धुवायची, मग पांढऱ्या रंगात बुडवायची. वाळवण्यासाठी मोजे वाळत घालायचा चिमट्यांचा चौकोन आम्ही पंख्याखाली टांगला, आणि एकेका चिमट्याला एकेक गळ. पांढरा वाळला की पाठीवर हिरवा किंवा गुलाबी, पोटाला चंदेरी. सगळ्यात शेवटी डोळा. पण डॉक्टरांच्या गोळ्यांमुळे तो काढताना त्याचा हात स्थिर राहत नव्हता. पिवळा ठिपका गालापर्यंत ओघळायचा, मग तो ते डोकं पुसून पुन्हा घ्यायचा, पुन्हा ओघळायचं. एका रविवारी मी त्याच्या हातातून काडी घेतली. "दे, डोळे मी काढते."

कबाबच्या बांबूच्या काडीचं मागचं टोक पिवळ्या रंगात बुडवून टेकवायचं, वाळलं की टूथपिकने मधोमध काळा ठिपका द्यायचा. मला ते छान जमायला लागलं. संध्याकाळी कामावरून आले की कुकर लावायचा आणि शिट्ट्या होईपर्यंत डोळे काढत बसायचं. खिडक्या उघड्या असूनही घरभर थिनरचा वास. मुलगी तिच्या खोलीचं दार लावून घ्यायची. आम्ही दोघं फारसं बोलत नव्हतो, पण तो शेजारी बसलेला असायचा आणि मध्येच म्हणायचा, "याचा डोळा जरा वर गेला." तेवढ्यावर माझा दिवस निघायचा.

डॉक्टर दर पंधरा दिवसांनी विचारायचे, कसे आहेत? तो गप्प बसायचा, मीच सांगायचे, "बरं आहे, रंगवतात." डॉक्टर खूश होऊन लिहून घ्यायचे. रजा आणखी तीन महिने वाढली, मग आणखी तीन. आता विचार करते तेव्हा वाटतं, त्या खोलीत तो बोलेपर्यंत मी थांबायला हवं होतं. मी थांबले नाही, कारण तो काय बोलेल याची मला भीती वाटत होती.

ऑक्टोबरमध्ये मी हट्टाने त्याला बंधाऱ्यावर नेलं. मुलीलाही ओढून आणलं. रविवार सकाळ, स्वच्छ ऊन, माणसं घडीच्या खुर्च्या टाकून बसलेली, कुणाच्या बादलीत दोन-चार मासे. मी डबे भरून घेतले होते, बटाट्याची भाजी आणि पोळ्या. त्याने मासेमारीची दांडी जोडली, दोऱ्याला एक गुलाबी डोकं बांधलं आणि हातात धरून बसला.

"टाक ना," मी म्हटलं.

"खाली दगड आहेत. अडकलं तर तुटेल."

"तुटू दे. तीनशे आहेत आपल्याकडे."

त्याने मान हलवली. "तुटलं की जातंच ते."

मुलीने दांडी मागितली. "मी टाकू?" हे तिने चक्क मराठीत विचारलं. बऱ्याच दिवसांनी. त्याने दिली नाही. दोन्ही हातांनी दांडी छातीशी धरून ठेवली, जणू आम्ही ती हिसकावणार होतो. मुलगी उठून दूर कठड्याशी जाऊन उभी राहिली. आम्ही पोळी-भाजी खाल्ली आणि साडेदहाला घरी परतलो. ते डोकं पाण्याला लागलंसुद्धा नाही.

तरी मी स्वतःला समजावलं, पहिलीच वेळ आहे. पुढच्या वेळी टाकेल.

डिसेंबरच्या सुरुवातीला शेवटचा डोळा काढून झाला. तीनशे डोकी रंगानुसार लावून आम्ही पेटी भरली. मी फोटो काढला. त्या दिवशी जेवताना तो दोनदा भात घेऊन जेवला आणि मी न्हाणीघरात नळ सोडून रडले, बरं वाटलं म्हणून.

त्यानंतरच्या गुरुवारी पाळणाघरात ताप पसरल्यामुळे मला दुपारीच सोडलं. दार उघडलं तर थिनरचा वास नेहमीपेक्षा कितीतरी उग्र. टेबलावर लोणच्याच्या तीन मोठ्या बरण्या, त्यात गढूळ मातकट झालेलं थिनर आणि तळाशी शिसं. तो जुना टूथब्रश घेऊन एकेक डोकं घासत होता. पेटी रिकामी होती.

"काय करतोयस?"

"संपली होती ना," तो म्हणाला. "परत रंगवूया."

त्याच्या आवाजात राग नव्हता, वेडेपणाही नव्हता. दळण संपलं, आणायला हवं, अशा सुरात तो बोलला. त्या क्षणी मला कळलं की मी सहा महिने ज्याला बरं होणं समजत होते ते बरं होणं नव्हतंच. त्याला दिवस ढकलायला काहीतरी हवं होतं. समुद्र, मासे, बंधारा, ऑफिस, आम्ही दोघी, यातलं काहीच त्याच्या समोर नव्हतं. फक्त पुढचं डोकं होतं.

मी ओरडले. इतकी ओरडले की स्वतःचा आवाज मला ओळखू येईना. "माझे सहा महिने होते ते! प्रत्येक डोळा मी काढला होता!" मी एक बरणी उचलून सिंकमध्ये उपडी केली. शिसं स्टीलवर खडखडत पडलं, दोन-तीन गळ माझ्या तळहातात घुसले. तो उठला नाही. घासतच राहिला. मुलगी शाळेतून आली ती नेमकी तेव्हा. दारात बूट न काढता उभी राहिली आणि जपानीत म्हणाली, "बस करा. दोघंही बस करा." मग तिनेच माझा हात नळाखाली धरला आणि चिमट्याने गळ काढले. तिचा हात जराही थरथरत नव्हता. तेरा वर्षांच्या मुलीचा हात इतका स्थिर असू नये.

त्या रात्रीनंतर तो रंगवायलाही बसला नाही. पुन्हा भिंत.

फेब्रुवारीत कंपनीने कळवलं की रजेची मुदत मार्चअखेर संपते. मी दिराला फोन करून सगळं खरं सांगितलं. तो म्हणाला, "वहिनी, त्याला इकडे पाठवा. तुम्ही एकट्या किती करणार?" मला नाही म्हणता आलं असतं. मी म्हटलं नाही. मुलीची शाळा आहे, माझी नोकरी आहे, ही कारणं मी सगळ्यांना सांगते आणि ती खरीही आहेत. पण मला त्याच्यापासून सुटका हवी होती हेही खरं आहे, आणि ते मी इथे पहिल्यांदा लिहिते आहे.

तो जाण्याच्या आदल्या शनिवारी ओसाकाहून ते वयस्क सहकारी आले. कुणी कळवलं कोण जाणे. सत्तरीला आलेले, किडकिडीत, कोट घालून. नवऱ्याशेजारी ते तासभर जमिनीवर बसून राहिले. दोघांनी मिळून दहा शब्दसुद्धा उच्चारले नसतील. निघताना मी त्यांना खाली सोडायला गेले आणि विचारलं, "ते बरे होतील ना?"

इतके दिवस ज्याला त्याला मी हेच विचारत होते आणि सगळे "नक्की होतील" म्हणत होते. हे गृहस्थ थांबले. "माझ्या धाकट्या भावाचं असंच झालं होतं," ते म्हणाले. "एकवीस वर्षं जगला. बरा झाला नाही. जेवायचा, आंघोळ करायचा. आईने पाहिलं त्याला, मग मी. तुमच्या नवऱ्याचं तसंच होईल असं नाही. पण तुम्ही मला विचारलंत."

मी वर जाऊन पेटी आणली. घासलेली डोकी, काही अर्धवट रंगलेली, साचा, पळी, सगळं. "हे न्याल का?" त्यांनी काही न विचारता ती घेतली. जड होती. स्टेशनच्या रस्त्याने जाताना त्यांनी चार वेळा हात बदलला. मी वळणापर्यंत बघत होते. एकदाही हाक मारली नाही.

याला आता दीड वर्ष झालं. तो पुण्यात सासूबाईंकडे आहे. गोळ्या बदलल्या, डॉक्टर बदलले, मध्ये एकदा दवाखान्यातही ठेवलं होतं. सासूबाई ऐंशीच्या आहेत आणि त्याला ताट वाढून समोर बसतात. दर शनिवारी मी व्हिडिओ कॉल लावते. मुलगी आधी यायची, आता तिला शाळेचा क्लब असतो. मी तिला आग्रह करत नाही.

परवा सासूबाईंनी फोन त्याच्यासमोर धरला आणि म्हणाल्या, "बोल रे, ती थांबली आहे तिकडे." त्याने बराच वेळ माझ्याकडे पाहिलं. केस बरेच पिकलेत त्याचे.

"तिकडे किती वाजले?" त्याने विचारलं.

जवळजवळ तेरा वर्षं तो इथे राहिला. साडेतीन तासांचा हिशोब त्याला झोपेतही यायचा.

"साडेसहा," मी म्हटलं.

"बरं," तो म्हणाला, आणि फोन सासूबाईंकडे दिला.